पांघरूण घातलेलं विमान

कुर्र… कुर्र…

दुपारच्या सामसूम खोलीत तेवढाच आवाज. नलू गार फरशीवर पालथी निजली होती. तिची आई सुनेत्रा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला आणि तिनं वर फळीकडे पाहिलं.

मित्रांनो, तो आवाज माझ्या पाठीवरचा होता. मी लाकडाचं विमान. हातभर लांब, परळच्या एका चाळीत फळीवर ठेवलेलं, कधीच न उडालेलं. माझ्या अंगावर वर्तमानपत्राचे तुकडे डकवलेले होते आणि त्यांच्या खालची खळ एक झुरळ कुरतडत होतं.

मला दत्तारामनं घडवलं. दत्ताराम म्हणजे नलूचा बाबा. गिरगावातल्या एका स्टुडिओत तो फोटोंवर रंग फवारायचा. नवरीच्या गालांवर लाली, मागच्या पडद्यावर ढग. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, पोरवयात, त्यानं शिवडीच्या धक्क्यावरून विमानं पाहिली होती. ती त्याच्या डोळ्यांपुढून कधी हललीच नाहीत. खोक्याच्या फळीतून त्यानं मला कोरलं आणि पॉलिशपेपरनं इतकं घासलं, की नलू मला गालाला लावून बघायची.

मग त्यानं मालकांना विचारून स्टुडिओतलं फवाऱ्याचं पेन घरी आणलं. हवेसाठी मोटारीची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं टम्म फुगवली. आधी मला मातीचा तपकिरी रंग दिला. तो सुकल्यावर कागदाचे वेडेवाकडे तुकडे कापून पातळ खळीनं माझ्या पाठीवर बसवले, एकेक कड अंगठ्यानं दाबत. वरून हिरवा फवारायचा. कागदाखाली माती राहणार, बाहेर झाडी होणार.

"एवढा खटाटोप कशाला रे?" त्याच्या वडिलांनी, नानांनी विचारलं होतं.

"वरून बघणाऱ्याला विमान दिसू नये म्हणून. खाली रान आहे असं वाटावं."

"मग माळ्यावर टाक की. तिथं काहीच दिसत नाही."

सुनेत्रा तोंडाला पदर लावून हसली होती. या घरातलं ते हसू मला अजून आठवतं.

ती छप्पन सालच्या जानेवारीतली संध्याकाळ. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असं कळल्यापासून रस्ते पेटले होते. आत मात्र माझ्यावर हिरवा रंग बारीक धुक्यासारखा उतरत होता. नलूनं बोट पुढं केलं, तसं दत्तारामनं तिला अडवलं.

"अंहं. निजलंय ते. पांघरूण घातलंय ना त्याला? रंग सुकला की मी काढीन. तोवर कुणी हात लावायचा नाही. आईनंसुद्धा."

"आईनंसुद्धा," नलूनं बजावलं.

नाना अजून गिरणीतून आले नव्हते. बाहेर आरडाओरडा वाढला. दत्तारामनं हात चिंधीला पुसले, चपला घातल्या. "नानांना बघून येतो."

आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. त्यानंही म्हटलं नाही.

कोपऱ्यावर गोळीबार झाला. नाना मागच्या गल्लीतून सुखरूप घरी पोचले. दत्ताराम गोळी लागून रस्त्यातच गेला.

नलूला त्याच रात्री दादरला मावशीकडे नेलं. दिवसवार उरकल्यावर ती परत आली, खोलीभर फिरली आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, कुंकू संपलं?"

"आणायचं राहिलंय गं."

"बाबा?"

सुनेत्राची नजर माझ्यावर पडली. "ते बघ, पांघरूण अजून तसंच आहे की नाही? बाबा आले की काढतील."

एवढंसं वाक्य. पण पोरीनं ते घट्ट धरलं. मला पुसायला सुनेत्रा पुढं झाली की म्हणायची, "नको गं आई, बाबा रागवतील." शेजाऱ्यांना नानांनी सांगून ठेवलं होतं, नलू दिसली की गॅलरीतलं बोलणं बंद व्हायचं. आणि जिन्यावर त्याच्यासारखं पाऊल वाजलं, की घरातली तिघंही माना वर करायची. ज्यांना खरं ठाऊक होतं ती दोघंसुद्धा.

मे महिना सरत आला तेव्हा नाना सुनेजवळ बसले.

"सुनेत्रा गो, जूनमध्ये पोर शाळेत बसायची. बापाचं नाव सांगताना कुणीतरी पुढं 'कैलासवासी' लावणार. तिथं, परक्यांत कळण्यापरीस तू सांग."

"कसं सांगू, नाना?"

"ते मला येत असतं, तर मीच नसतं सांगितलं? तो मलाच शोधायला गेला होता गो."

त्यानंतरची ही दुपार. नाना पाळीवर गेले होते. सुनेत्रानं सूप बाजूला सारलं, झुरळ हाकललं आणि मला मांडीवर घेतलं. नलू उठायच्या आत मला नीट करायचं, मग तिच्या हातात द्यायचं, जवळ घेऊन सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलेलं असावं. कारण तिचे ओठ हलत होते, पाठ म्हणावं तसे. ओल्या फडक्यानं ती एकेक कागद भिजवू लागली.

मित्रांनो, रंगकाम करणारे सांगतात, असा कागद वेळेवर काढावा. फार दिवस राहिला तर तो धरून बसतो आणि निघताना रंगाला घेऊन निघतो. तसंच झालं. एका पंखावर लाकूड उघडं पडलं. पण बाकी कागदांखाली दत्तारामनं दिलेली तपकिरी माती होती, काल लावल्यासारखी ताजी. भोवतीचा हिरवा धुरानं, धुळीनं काळवंडला होता. झाकलेलं तेवढं जसंच्या तसं राहिलं होतं. सुनेत्रानं त्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तुमच्याही घरी कुणी काही झाकून ठेवलं असेल, तर मायेनं उघडा. पण फार उशीर करू नका.

शेवटचा कागद निघाला, तेव्हा नलू उठून बसली होती.

तिनं मला पाहिलं. आईच्या मांडीवरचे ओले कागद पाहिले. धावत गॅलरीत गेली, कठड्यावरून खाली डोकावली, परत आली. दाराशी चपलांच्या जागेकडे पाहिलं.

"आई, बाबा येऊन गेले? मग मला का नाही उठवलंस?"