सकाळी नऊची लक्षवेधी

आमदाराच्या उजव्या हाताची खुर्ची कोणाची, हे गावात कोणी कोणाला विचारत नाही. भावेश केणे पहिल्यांदा निवडून आला तेव्हापासून ती हिरामणची. भावेशचा बाप आणि हिरामण एकाच होडीत बसून खाडीत जाळी टाकायचे. पोराला खांद्यावर घेऊन हिरामणने जत्रा दाखवली होती. म्हणून सगळं गाव 'आमदारसाहेब' म्हणत असलं तरी हिरामण 'भावेश'च म्हणायचा, आणि चारचौघांत जरा मोठ्यानेच म्हणायचा.

एप्रिलमधली सकाळ होती. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. दर सहा महिन्यांनी आमदार गावोगाव फिरून सरकारात काय चाललंय ते सांगायचा, लोकांचं ऐकायचा. एवढं मात्र खरं, की त्याच्याआधीच्या एकाही आमदाराने हे केलं नव्हतं. निवडून आल्यावर ते थेट पुढच्या निवडणुकीलाच दिसायचे.

"पावरलूमच्या विजेची सवलत बंद होनार न्हाय," भावेश माईकवर सांगत होता. "पण ज्यांनी नाव नोंदवलं न्हाय त्यांनी या महिन्यात नोंदवा. मंग माझ्याकडं येऊन रडू नका. लाडक्या बहिणींचे पैसे अडकले असतील त बँकेत जाऊन आधारचं काम परत करा. आणि विजेचे नवे मीटर लावायला मानसं येतील, त्यांना मारू नका."

"मीटर पळतो लय, साहेब," मागून राघो म्हणाला. "आमच्या म्हशीपेक्षा जोरात."

"मंग म्हशीला पन मीटर लावू, राघोदादा. दूध किती चोरतोस ते कळंल."

मांडव हसला. हिरामणही हसला. हसताना त्याची नजर तिसऱ्या रांगेत बसलेल्या बकुळाबाईंकडे गेली आणि हसू तिथेच थांबलं. त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा होता आणि मांडीवर घडी घातलेला एक कागद.

बकुळाबाई म्हणजे गावातल्या जुन्या अंगणवाडी सेविका. तीस वर्षांपूर्वी साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात त्या मोठ्या माणसांना शिकवायच्या. त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला हिरामण तिथे पाटी घेऊन बसायचा. सुरुवातीला लाजून दाराशी, मग पुढे. त्याआधी, वाचता येत नव्हतं तेव्हा, एकदा तो अंबाडी गावाची समजून वाडा गावाची एसटी धरून गेला होता आणि घरी परतायला संध्याकाळ झाली होती. एसटीची पाटी पहिल्यांदा स्वतः वाचली त्या दिवशी त्याने बाईंना वाटीभर सुकट नेऊन दिली होती. गुरुदक्षिणा म्हणून. बाईंनी ती ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "आता पाटीवरून थेट पेपरावर या, हिरामणदादा."

दोन वर्षांपूर्वी याच बाईंनी एक अर्ज तयार केला. शाळा रस्त्याच्या या बाजूला, अर्धं गाव त्या बाजूला, आणि मधून गोदामांकडे जाणारे ट्रेलर. शाळेसमोर पादचारी पूल द्यावा, आणि पूल होईपर्यंत शाळा भरताना-सुटताना तिथे एक वॉर्डन उभा करून अवजड गाड्या थांबवाव्यात, एवढंच मागणं. त्या दारोदार फिरल्या. सहाशेवर सह्या झाल्या. पहिली सही हिरामणची होती. ठसठशीत, रेघेच्या जराशी खाली उतरलेली.

भावेशने अर्ज मनावर घेतला होता, हेही खरं. त्याने विधानसभेत लक्षवेधी दिली. लक्षवेधी म्हणजे आमदाराने सभागृहात उभं राहून विचारायचं आणि मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. मंत्री एकदा बोलला की ते कागदावर येतं, मग अधिकाऱ्यांना हलावं लागतं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तिचा नंबर लागला.

आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी हिरामणच्या नातवाची, कुणालची, हळद होती.

आपल्याकडे हळदीला कोण आलं यावरून घराची उंची मोजतात. पत्रिकेवर भावेशचं नाव सगळ्यात वर छापलेलं. दोन दिवस आधी भावेशचा फोन आला होता. तो फोन हिरामणला अजून शब्दाशब्दाने आठवत होता.

"काका, हळदीला न्हाय जमनार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझी लक्षवेधी हाय. बकुळाबाईंच्या पुलाची."

"संध्याकाळच्या विमानानं ये, सकाळच्या विमानानं जा. किती येळ लागतो?"

"विमानाचा भरवसा न्हाय, काका. थंडीत नागपुराला धुकं पडतं."

"भावेश, पत्रिका वाटून झाल्यात. तू न्हाय आलास त माझं नाक कापलं जाईल मांडवात. ती लक्षवेधी काय पळून जाते?"

भावेश आला. डीजेवर दोन पावलं नाचला, कुणालच्या गालाला हळद लावली, साडेतीन हजार लोकांनी मोबाईल वर धरले. हिरामणच्या छातीत हवा मावत नव्हती. दुसऱ्या दिवशी नागपुरात धुकं पडलं. विमान तासभर आकाशातच फिरत राहिलं. भावेश सभागृहात पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि त्याचं नाव पुकारून झालं होतं. दोन दिवसांनी अधिवेशन संपलं. मार्चच्या अधिवेशनात पुन्हा दिलेल्या लक्षवेधीचा नंबरच लागला नाही.

मधल्या फेब्रुवारीत शाळा सुटताना एका ट्रेलरने बकुळाबाईंच्या नातीला, धम्मदिनाला उडवलं. नववीतली पोर. खो-खोत पाठलागाला उभी राहिली की समोरच्या संघाला घाम फुटायचा. जीव वाचला, पण ऑपरेशन करून मांडीत सळई बसवावी लागली. तेव्हापासून ती खिडकीत बसून होती.

"कोणाचं काय राहिलं असंल त बोला," भावेश म्हणाला.

बकुळाबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या पुलाची लक्षवेधी डिसेंबरात होती. तिचं काय झालं?"

भावेशने एक क्षण हिरामणकडे पाहिलं. फक्त एक क्षण. मग माईकवर म्हणाला, "बाई, तुमचा विषय माझ्या काळजातला हाय. पण सभागृहात येळ कमी पडतो. वेळेअभावी ती लक्षवेधी राहिली. पावसाळी अधिवेशनात परत लावतो, शब्द देतो."

"वेळेअभावी?"

"हां, बाई."

बकुळाबाई सावकाश चालत पुढे आल्या आणि हातातला कागद त्यांनी हिरामणपुढे धरला. "धम्मदिनानं मोबाईलवर शोधून काढलं हे, आणि अंबाडीवरून छापून आणवलं. विधानसभेच्या त्या दिवसाच्या कामकाजाचा कागद आहे. माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर लागत नाही आता. हिरामणदादा, तुम्ही वाचा. मोठ्यानं."

चष्मा त्यांच्या छातीवरच लोंबत होता. हिरामणने तो पाहिला, आणि आपण तो पाहिला हे बाईंनीही पाहिलं.

त्याने कागद घेतला. अक्षर बारीक नव्हतं. वर तारीख होती. ती तारीख गावात कोणाला सांगायची गरज नव्हती. कुणालच्या लग्नाचीच ती तारीख. खाली एक ओळ होती: सदस्य सभागृहात उपस्थित नसल्याने सूचना घेण्यात आली नाही. एका नजरेत वाचून झाली. पहिल्या पाटीला त्याला अर्धा महिना लागला होता, या ओळीला श्वासभरही लागला नाही.

मोठ्याने वाचली असती, तर मांडवातल्या प्रत्येकाने बोटं मोजली असती. आदल्या संध्याकाळी आमदार कुठे होता? हिरामणच्या मांडवात. कोणी बोलावला? आणि मग ती खुर्ची.

"अक्षर लय बारीक हाय, बाई," तो म्हणाला. "मला न्हाय लागत."

बकुळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्याने खोटं सांगितलं की त्या अशाच बघायच्या; रागाने नाही, थोडं थकून. कागद परत घेऊन त्यांनी नीट घडी केली आणि जाग्यावर जाऊन बसल्या. राघोने पाण्याच्या लाईनीचं विचारलं. सभा पुढे सरकली.

माईक खाली ठेवल्यावर भावेशने हिरामणच्या गुडघ्यावर हात दाबला. "बरं केलंत, काका."

तो हात हिरामणला चटक्यासारखा लागला.

दुपारी चार वाजता तो उठला आणि रस्ता ओलांडून बौद्धवाड्यात गेला. ओलांडायला त्याला दहा मिनिटं लागली. एकामागून एक ट्रेलर. त्यातले दोन त्याच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामाकडे जाणारे.

धम्मदिना खिडकीत होती. पाय उशीवर. "आजी, हिरामण आजोबा आलेत," ती आत ओरडली.

बकुळाबाईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"कागद द्या, बाई."

त्यांनी कपाटातून काढून दिला. हिरामणने उभ्यानेच, अक्षराखाली बोट ठेवून, पाटीवर वाचायचा तसं वाचलं. तारीख वाचली. ती ओळ वाचली. मग फोनवर जे बोलणं झालं होतं तेही सांगितलं, नाकाच्या गोष्टीसकट.

बाई ऐकत होत्या. "वाचता येतं की तुम्हाला. सकाळी कुठं गेलं होतं?"

हिरामणने त्या ओळीवरचं बोट उचललं.

"फोनचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण हळदीला मीही होते. आमदार उतरला तेव्हा मीही उठून उभी राहिले, टाळ्या वाजवल्या. माझीच लक्षवेधी सोडून आलाय, हे मला कुठं ठाऊक?"

"पूल झाला असता त पोरीला..."

"पूल काय दोन महिन्यांत होतो? नाही होत. पण वॉर्डन आठ दिवसांत उभा राहिला असता. तेवढंच मी रोज मोजते."

धम्मदिना मोबाईलकडे बघत होती, पण बोट हलत नव्हतं.

"उद्या मी भावेशला सांगतो," हिरामण म्हणाला. "लोकांसमोर बोलायला लावतो."

"लोक आज होते, हिरामणदादा." बाईंनी कागद त्याच्या हातातून घेतला. "मला काय वाचून दाखवता? मी तो पन्नास वेळा वाचलाय. चहा घेणार?"

चहा त्याने घेतला. बाहेरच्या ओट्यावर बसून.

घरी परतला तर फोन वाजत होता. भावेशचा पीए दामू होता. मे महिन्यात हिरामणच्या नातीची, मृणालीची हळद होती.

"काका, साहेबांनी डायरीत लिहून घेतलीय तारीख. अंबाडीचा कार्यक्रम आवरून सात वाजता तुमच्या मांडवात. पत्रिकेत नाव वर टाका."

टेबलावर पत्रिकांचा नमुना पडलेला होता. सगळ्यात वर भावेशचं नाव, लाल अक्षरात.

"दामू, त्याला सांग, त्या दिवशी अधिवेशन असंल त येऊ नको म्हनावं. हळद काय, होईल."

पलीकडे दामू मोठ्याने हसला.

"काय काका, चेष्टा करता? मे महिन्यात कुठलं आलंय अधिवेशन?"

हिरामणने फोन ठेवला. हे त्यालाही माहीत होतं. बोलायच्या आधीच माहीत होतं. त्याने पत्रिकेचा नमुना हातात घेतला. मग आतून सुनेने विचारलं, छापायला देऊ का म्हणून, तेव्हा तो म्हणाला, "दे."