अन्नपूर्णाबाईंचं कॉलेज

अन्नपूर्णाबाई हिवराळे कॉलेजात जाऊ लागल्या, ही बातमी खामगावात फिरायला आठवडाही लागला नाही. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवणारी, पस्तिशीला आलेली, दोन लेकरांची आई. ती बाई सकाळी सातला मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या वर्गात बसते म्हटल्यावर लोकांना बोलायला विषय झाला. कुणी कौतुक केलं, कुणी तोंडाला पदर लावला. बुद्धविहाराच्या ओट्यावर मात्र एकच बोललं जायचं. आपल्या वस्तीतली पहिली बी.ए. बाई होऊन राह्यली.

नवरा शंकरराव कापसाच्या जिनात फिटर होता. बोलायला कमी, पण करायला पुढे. बायकोचं कॉलेज सुरू झाल्यापासून सकाळचा चहा आणि लेकरांची आंघोळ त्यानं न सांगता आपल्याकडे घेतली होती. सात ते साडेदहा कॉलेज, तिथून लगोलग अकराची शाळा, संध्याकाळी घर आणि रात्री अभ्यास. अन्नपूर्णा दिवसभर चालत नसे, पळत असे. पण पळण्याचं तिला काही वाटत नव्हतं. लग्नानंतर मॅट्रिक, मग ट्रेनिंग, मग नोकरी, सगळं तिनं पळतच केलं होतं.

त्रास वेगळाच होता. कॉलेज म्हणजे काय याचं एक चित्र तिनं कित्येक वर्षं मनात धरलं होतं. तिथं माणसं वाद घालतात, प्राध्यापक एखादी गोष्ट सांगतात, कुणीतरी उठून म्हणतं, 'हे मला पटत नाही', आणि मग खरी गंमत सुरू होते. प्रत्यक्षात घंटा व्हायची, सर यायचे, हजेरी व्हायची आणि सर म्हणायचे, "लिहा." साठ माना खाली जायच्या. तासभर नुसती टाकांची कुरकुर. पुढच्या तासाला दुसरे सर, पुन्हा "लिहा." दिवाळीपर्यंत तिनं इतकं लिहिलं की बोटाला घट्टा पडला, आणि डोक्यात काय राहिलं असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर अर्थशास्त्राच्या तासाला ते घडलं. मोहरीर सर हा विषय शिकवत. केस पिकलेला, शांत, कुणाला टाकून न बोलणारा माणूस. कडा झिजलेल्या कागदांवरून ते सांगत होते, "जुन्या ग्रामव्यवस्थेत प्रत्येक जण आपापले नेमून दिलेले काम आनंदाने करीत असे, पूर्णविराम. कुणासही कशाची वाण नव्हती, पूर्णविराम. सर्व जातिजमाती परस्परांच्या सहकार्याने सुखाने नांदत."

अन्नपूर्णाचा टाक थांबला.

तिचा बाप कचरू पिंपळगाव राजाला गावकामाचा महार होता. कुणाच्या घरी मयत झाली की भर उन्हात पाच-सात कोस जाऊन सोयऱ्यांना सांगावा द्यायचा. मेलेली ढोरं ओढायची. साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घ्यायचं. आणि संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकर मागायची. लहानपणी त्या टोपल्यातली भाकर तिनं खाल्ली होती. वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या जाडीच्या, काही आदल्या दिवशीच्या. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा कचरूनं ते काम टाकलं, आणि पुढचं वर्षभर गावानं त्याला मजुरीला बोलावलं नाही.

ती उभी राहिली. वर्गात कुणी उभं राहत नसे, त्यामुळे सगळ्या माना वर आल्या.

"सर, आनंदाने असं कशावरून म्हणायचं?"

मोहरीर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे, काम करणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, परीक्षेत असंच लिहायचं असतं. बसा. पुढे लिहा."

ती बसली. पुढचं तिनं लिहिलं नाही.

त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिना. पोळ्या लाटता लाटता हात थांबे. रात्री पुस्तक उघडून बसे आणि उठून दारापर्यंत जाऊन येई. सोडावं हे कॉलेज, असं सकाळी ठरायचं. इतकं केलं ते पाण्यात कसं घालायचं, असं संध्याकाळी वाटायचं. सोडलं तर वस्तीत तोंड कसं दाखवायचं? आणि नाही सोडलं तर आणखी किती वर्षं हे असलं लिहीत बसायचं?

जानेवारीअखेर एके दिवशी तर तिला स्वतःचीच भीती वाटली. शाळेत भूगोलाचा तास होता. आदल्या रात्री झोप नव्हती, डोकं ठणकत होतं. तिनं खुर्चीवर बसून पुस्तक उघडलं आणि सांगायला सुरुवात केली, "लिहा. पूर्णा ही तापी नदीची उपनदी आहे, पूर्णविराम." चाळीस मुलींच्या वेण्या खाली झुकल्या. एकीनंही विचारलं नाही की बाई, उपनदी म्हणजे काय. घंटा होईपर्यंत ती सांगत राहिली, त्या लिहीत राहिल्या. वर्ग रिकामा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण आज मोहरीर सर झालो होतो. आणि ते फार सोपं गेलं होतं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी सोडून राह्यली कॉलेज."

शंकरराव हातावरचं ग्रीस रॉकेलनं पुसत होता. "काऊन? कोणी बोललं काय तुले?"

"कोणीच नाही बोललं. तोच तर तरास आहे. तथी कोणी बोलतच नाही."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मले त्यातलं समजत नाही. तुले जमत नसन तर सोड. पण आज सोडलं अन् उद्या रडत बसली, असं नोको होऊ देऊ. एकडाव बापाले पाहून ये."

रविवारी ती एस.टी.नं पिंपळगाव राजाला गेली. कचरू दारातल्या निंबाखाली बाजेवर बसला होता. आता डोळ्यांनी कमी दिसे, पण लेकीची चाल त्याला लांबून ओळखू येई. "आली काय माय माही बी.ए.?" असं म्हणून त्यानं बाजेवरची गोधडी झटकली.

चहा झाला, लेकरांची विचारपूस झाली. मग तिनं ती नोट सांगितली. शब्दन् शब्द पाठ होता, पाठ करायचा नव्हता तरी. आनंदाने करीत असे. सुखाने नांदत.

तिला वाटलं होतं बाप भडकेल. शिव्या घालेल, काठी आपटेल, म्हणेल असल्या कॉलेजात पाय ठेवू नको. कचरू हसायलाच लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"सुखानं! कोण बे हा लेहणारा? त्याले एकडाव उन्हाळ्यात मयतीचा सांगावा घेऊन बोरजवळ्याले धाडलं पाह्यजे होतं."

"हसू नोको बा. मले परीक्षेत हेच लेहावं लागते."

"मंग लेह."

"लेहू?"

"लेहून टाक. पोरी, आम्ही काय काय वाह्यलं ह्या डोक्यावर. साह्यबाच्या पेट्या वाह्यल्या, कुजकी ढोरं वाह्यली. तुले दोन ओळी वाहाले काय होते? लेह, अन् बी.ए.चा कागद घेऊन मोकळी हो."

बापानं हे प्रेमानंच म्हटलं होतं, पण परतीच्या गाडीत ते शब्द तिला सारखे टोचत राहिले. ज्यानं एका दिवसात ते ओझं खाली टाकलं आणि वर्षभर उपास काढले, तोच आपल्याला डोक्यावर घे म्हणतो. स्वतःसाठी एक न्याय आणि लेकीसाठी दुसरा. की लेकीसाठी माणूस असाच होतो? खामगाव येईपर्यंत तिनं ठरवलं: सोडायचं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती मोहरीर सरांना भेटली. ते एकटेच कागद गोळा करत होते.

"सर, मी नाव काढून घेते आहे."

"त्या दिवशीच्या वाक्यामुळे?"

त्यांना ते आठवत असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "त्याच्यामुळेही. मी इथं काहीतरी शिकायला आले होते, सर. नुसतं उतरवून घ्यायला नव्हते आले."

सरांनी कागदांची गुंडाळी दोऱ्यानं बांधली. "ह्या नोटा मला माझ्या सरांनी सांगितलेल्या आहेत. मी त्या कधी तपासल्या नाहीत. तुम्ही विचारलंत तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ह्या तपासायच्याही असतात. पण लगेच बदलेन असं खोटं सांगत नाही तुम्हाला. माझ्याच्यानं आता ते होईलसं वाटत नाही. पेपर नागपूरला तपासतात, आणि माझ्या हाताखाली पोरं नापास झाली तर मला जाब द्यावा लागतो."

"मग मी काय करू?"

"परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. निदान ती द्या. नंतर सोडा." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि आठातले पाच प्रश्न सोडवायचे असतात, बाई. नको तो गाळता येतो."

गाळता येतो. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच लाजही वाटली. तरी तिनं नाव काढलं नाही.

एप्रिल उजाडला. पेपर हातात आला आणि तिसराच प्रश्न होता: जुन्या ग्रामव्यवस्थेची वैशिष्ट्ये सांगा. अन्नपूर्णानं तो गाळला. बाकीच्यांतले चार प्रश्न नोटांतल्यासारखे उतरवून दिले. पाचवा राहिला. सहकारी चळवळीवरचा सोपा प्रश्न होता, तो घ्यायचा असं ठरलेलंच होतं. आकडा घातला, पहिली ओळ लिहिली. आणि हात पुढे जाईना. खिडकीबाहेर निंबावर एक कावळा उगाच ओरडत होता. पर्यवेक्षक जवळून गेले, पुन्हा आले. शेवटी तिनं ती ओळ खोडली आणि वर तीन असा आकडा घातला.

तिनं आधी नोटेतलं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं. त्याखाली लिहिलं, 'परंतु हे वाक्य काम करून घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले आहे.' मग ती थांबलीच नाही. गावकामाच्या महाराला कोणकोणती कामं पडत, ती कधी येतील याचा नेम कसा नव्हता, मोबदला म्हणून मिळणारी भाकर हक्काची असूनही मागून का घ्यावी लागे, काम नाकारलं तर गाव काय करत असे. सगळं अर्थशास्त्राच्या भाषेत, मुद्दे पाडून, एकही शिवी न देता. वर्षभर ज्या गोष्टीची वाट पाहिली ती इथं, घामानं ओल्या झालेल्या कागदावर, एकटीनं होत होती. कुणी समोर नव्हतं. तरी ती कुणाशी तरी वाद घालत होती, आणि तिचा मुद्दा सरस ठरत होता. शेवटची घंटा झाली तेव्हा पर्यवेक्षकांना पेपर ओढून घ्यावा लागला.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी नापास होऊन राह्यली." आणि त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

जूनमध्ये निकाल लागला. ती नापासच होती. पण इंग्रजीत. अर्थशास्त्रात तिला वर्गातल्या बहुतेक पोरांपेक्षा जास्त गुण होते.

गुणपत्रिका हातात घेऊन ती कॉलेजच्या व्हरांड्यात बराच वेळ उभी होती. तिथं मोहरीर सर भेटले. तिनं काय लिहिलं होतं ते सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या. "नशीब तुमचं. तपासणारा घाईत असेल, पानं मोजून गुण दिले असतील." मग म्हणाले, "नाहीतर वाचलंही असेल. कळायला मार्ग नाही."

खरंच मार्ग नव्हता. नागपूरला कुणीतरी ते वाचून मान डोलावली, की न वाचताच पान उलटलं, हे तिला जन्मभर कळणार नव्हतं. तिला संताप यायला हवा होता. आलं ते हसू. ज्या वाक्यापायी झोप उडाली, ते कुणाला अडलंसुद्धा नाही. आणि अडलं काय, तर इंग्रजी क्रियापदांची रूपं.

इंग्रजीचा पेपर दिवाळीआधी पुन्हा देता येत होता. तो सुटला की पुढचा वर्ग, पुढच्या नोटा, पुन्हा "लिहा". कॉलेज काही बदलणार नव्हतं. पण पेपरातला तो शेवटचा अर्धा तास तिला मिळाला होता, आणि तो त्या बाकड्यावर बसल्याशिवाय मिळाला नसता. वर्षाकाठी असा अर्धा तास पुरतो का? तिला नक्की सांगता येईना. घराकडे जायला निघालेली ती अर्ध्या रस्त्यातून परत फिरली आणि ऑफिसात जाऊन इंग्रजीसाठी नाव लावून आली.

त्या रविवारी ती पिंपळगावला गेली. नापास झाल्याचं ऐकून कचरूचा चेहरा पडला. मग तिनं त्याला त्या उत्तराचं सांगितलं. मयतीचा सांगावा लिहिला, भाकरीचं टोपलं लिहिलं, काम टाकलं ते वर्षही लिहिलं.

कचरू बाजेवर सरळ होऊन बसला. "हे सारं लेहलं? नागपूरच्या साह्यबाले?"

"हाव."

"अन् त्यानं नंबर देले?"

"देले ना."

म्हातारा तिच्याकडे सरकला. हळूच विचारलं, "माहं नाव लेहलं काय त्यात?"

"नाही बा. परीक्षेत कोणाचं नाव लेहत नाहीत. 'गावकामाचा महार' असं लेहलं."

"वा वा!" कचरू तिच्याकडे पाठ फिरवून बसला. "वाह्यलं म्या, अन् नाव लेहाले तुले जागा नाही भेटली!"

ती त्याची समजूत घालायला गेली, पण दुपारभर तो तिच्याशी धड बोलला नाही.