आदिलाबादच्या पालीची साक्ष

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आदिलाबादच्या कोर्टात एका पालीनं साक्ष दिली. मी, जैनथचा चिंतामणी, तिथंच बसलो होतो.

आमच्या बाजारात रुख्मिणीचं भाजीचं दुकान. तिची लेक चंचल चाकाच्या खुर्चीत असते. बोलता येत नाही, हातही तिचं ऐकत नाहीत. ‘हो’ असलं की डोळे वर, ‘नाही’ असलं की जिभेनं ‘च्यक्’. अख्खा बाजार तिच्याशी असाच भाव करतो.

एक दिवस भूषणची जीप दुकानात घुसली आणि रुख्मिणीचा पाय मोडला. भूषण म्हणाला, गाडी माझा ड्रायव्हर चंपत चालवत होता. चंपत म्हणे, मी तर चहा पीत होतो. पाहिलं होतं एकट्या चंचलनं, पण पोलिसांनी तिला विचारलंच नाही. मुकी पोरगी काय सांगणार! तिचं कोणी ऐकलं नसतं, तर चंपत जेलात गेला असता.

तिच्या शाळेच्या उत्कर्षा मॅडमनी तिची साक्ष घ्या म्हणून कोर्टात अर्ज केला, शपथ घेतली आणि खुणांचा अर्थ सांगायला उभ्या राहिल्या.

“तुझं नाव रुख्मिणी?” जजबाईंनी पारखून पाहिलं.

“च्यक्.”

कारकून खवळला. “काऊन वं, कोर्टाची कीव करून राह्यली का?”

“ती ‘नाही’ म्हणते,” मॅडम म्हणाल्या.

“तुझं नाव चंचल?”

डोळे वर.

“आपण आत्ता भैंसा गावात आहोत?”

“च्यक्.”

“गाडी चंपत चालवत होता?”

“च्यक्!”

भूषणचा वकील उसळला, “बाई, ही तर पाल चुकचुकली!”

खरंच, घड्याळामागं पाल होती. जजबाईंनी तिला बाहेर काढायला लावलं आणि तोच सवाल पुन्हा केला.

“च्यक्!”

“भूषण चालवत होता?”

चंचलचे डोळे वर गेले आणि कारकुनाचं लिहून होईस्तोवर खाली आले नाहीत.

चंपत सुटला. परवा बाजारात त्यानंच चंचलची खुर्ची सावलीत सरकवली. मी लोकांना हीच गोष्ट सांगत होतो.

“ती पाल मी टोपीत धरली. जाताना म्हणते कशी, ‘चिंतामणी, पोरगी खरं बोलली, मी नुसती री ओढली.’”

रुख्मिणी काठी टेकत लेकीकडं वळली. “काय वं, या चिंतामणी मामानं पाल धरली होती?”

“च्यक्!”