मला खोटं बोलायला लावलं

मी पाटी बोलतेय, परिवीक्षा कार्यालयाची. रागात बोलतेय, तेव्हा जीभ जरा घसरली तर सांभाळून घ्या.

एका रंगाऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. निळ्या पत्र्यावर त्यानं पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘परिवीक्षा कार्यालय’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘न्यायालयाच्या अधीन’. न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या दाराजवळ मला भिंतीवर बसवलं. माझ्याखाली एक बाकडं होतं.

परिवीक्षा म्हणजे काय, ते मी बाईंच्या तोंडून शिकले. पहिल्यांदाच पाय घसरलेल्या माणसाला न्यायाधीश तुरुंगात धाडत नाहीत. घरी राहा, काम कर, नीट वाग आणि ठरल्या दिवशी येऊन भेट, असं सांगतात. भेटायचं ते बाईंना. बाई इथल्या अधिकारी. आवाज खणखणीत, पण कुणाची आई अंथरुणावर आहे, कुणाचं मालकाशी बिनसलंय, सगळं त्यांना तोंडपाठ.

दर सोमवारी येणाऱ्यांत एक भट्टीवाला होता. बेकरीत भट्टी सांभाळायचा. भांडणात एकाचं डोकं फोडलं होतं, आयुष्यातला तेवढाच गुन्हा. त्याची थोरली बहीण त्याला जामीन राहिली होती. “एक जरी सोमवार बुडवलास तर आत जाशील, लक्षात ठेव,” ताई बजावायची. तो दंडावरचं पीठ झटकायचा, माझ्याकडे एकदा बघायचा आणि आत जायचा. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

मग वर वाद पेटला. परिवीक्षा कोणत्या खात्यानं सांभाळायची, न्यायालयानं की तुरुंग खात्यानं? न्यायालयाचे प्रबंधक आणि तुरुंग खात्याचे साहेब माझ्याच खाली उभे राहून हुज्जत घालायचे.

“घरी सोडतात ते आमचे न्यायाधीश. मग लक्ष तुम्ही का ठेवायचं?”

“नजर ठेवायची सवय आम्हाला आहे, साहेब. तुम्ही आपले निकाल द्या.”

ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी ही कळकळ! खरा जीव अडकला होता कार्यालयाच्या गाडीत आणि शिपायांत. भट्टीवाल्याचं नाव दोघांच्याही तोंडी कधी आलं नाही.

शेवटी कार्यालय तुरुंग खात्याकडे गेलं. टेबलं गेली, कपाटं गेली, पंखेसुद्धा उतरवून नेले. बाई न्यायालयाच्या नोकरीतल्या, त्यांची बदली लांब कुठेतरी झाली. मी मात्र तिथंच.

“पाटी तुमच्या भिंतीवर आहे, तुम्ही काढा.”

“कार्यालय तुमचं झालं ना? मग पाटीही तुमचीच.”

एवढं बोलून दोघं चहाला गेले. येणाऱ्यांना नवा पत्ता सांगायचं कामही असंच दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिलं.

सोमवारी भट्टीवाला आला. दाराला कुलूप. त्यानं शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, “पाटी दिसतेय ना वर? बाई रजेवर असतील.” भट्टीवाला बाकड्यावर बसून राहिला. पुढच्या सोमवारी आला, त्याच्या पुढच्याही. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, अरे, इथं कुणी नाही! पण माझ्या अंगावरची अक्षरं भलतंच सांगत होती आणि त्यानं अक्षरांचं ऐकलं. तिकडे तुरुंगामागच्या नव्या कार्यालयात त्याची गैरहजेरी लागत गेली. एका सकाळी पोलिसांनी त्याला भट्टीसमोरून उचललं आणि तुरुंगात टाकलं.

सुनावणीत दोन्ही साहेबांनी कानांवर हात ठेवले. “कार्यालय कधीच हललंय, सगळ्यांना ठाऊक आहे.”

ते ऐकून ताई ताडताड बाहेर आली. जिन्यापाशी दिवा दुरुस्त करणाऱ्या वायरमनचा स्क्रूड्रायव्हर तिनं हिसकावला, बाकड्यावर चढली आणि मला उतरवलं. तशीच आत नेऊन न्यायाधीशांपुढे टेबलावर आपटली.

“वाचा साहेब! हेच वाचून माझा भाऊ तिथं बसत होता. सांगा, त्याचं काय चुकलं?”

न्यायाधीशांनी वाचलं. “ही पाटी कुणाची?”

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

भट्टीवाला सुटला. पण तोवर बेकरीत दुसरा माणूस लागला होता. एकदा भट्टीवाला येऊन माझ्यासमोर उभा राहिला. “तुझं ऐकलं मी,” एवढंच म्हणाला. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. मी त्याच क्षणी ठरवलं, याच्या वतीनं सूड घ्यायचा.

मला विचाराल तर, ज्यानं विश्वास टाकून माणसाला घरी पाठवलं, त्यानंच त्याची वाट बघावी. म्हणून हे काम न्यायालयाचं. पण मला विचारतो कोण? आणि कुणाकडेही द्या, दार उघडून ‘ये, बस’ म्हणणारं माणूस आत नसेल, तर माझ्यासारख्या पाट्या कशाला रंगवता?

आता चौकशी लागलीय. ती संपेपर्यंत दोन्ही साहेबांनी दर सोमवारी जातीनं हजर राहायचं, असा न्यायाधीशांचा हुकूम आहे. चौकशीवाल्यांना जागा दाखवायची म्हणून मला पुन्हा भिंतीवर लावलंय. ताईच्या घाईत माझे बाकीचे स्क्रू हरवले, आणि नवे कोणत्या खात्यानं आणायचे ते अजून ठरत नाहीये. म्हणून एकाच स्क्रूवर लटकतेय. साहेबांना हाक येता येत नाही. घाम पुसत, एकमेकांकडे पाठ करून दोघं माझ्याखालच्या बाकड्यावर ताटकळतात. मी डोळे भरून बघते.

परवा शिपायानं मान वर केली. “पाटी हलतेय. तार बांधू का?”

राहू दे रे बाबा, अजून थोडी सैल होऊ दे. पत्र्याला धार चांगली आहे, आणि दोन्ही डोकी बरोबर खाली आहेत.