बसता येणारा टुटू

वन्संनी घरच्या पियानोचं झाकण लावलं आणि त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत रचली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"ही काय फळी आहे का?" मी म्हटलं.

"आता फळीच," त्या म्हणाल्या आणि टॉवेलांच्या घड्या घालायला लागल्या.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. बॅलेच्या संस्थेत मुलींचा सराव चालू असताना पियानो वाजवायच्या. हिवाळ्यात त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटाच्या डाव्या बाजूला शौचासाठी कायमची पिशवी बसवावी लागली. दुखणं गेलं, जीव वाचला, पण बाई काही केल्या घराबाहेर पडेना. कमरेला आवळलं की पिशवी दाबली जाते, सैल घातलं की फुगवटा दिसतो. "सगळ्यांच्या नजरा तिथेच जातील," हे एकच पालुपद. इतके दिवस संस्थेने रेकॉर्ड लावून भागवलं. आता मात्र संचालिकाबाईंचा निरोप आला, सोमवारी येणार असाल तर या, नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. वन्संनी 'बघा' म्हणून कळवायचं ठरवूनही टाकलं होतं.

"सोमवारपर्यंत कळ काढा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी मी शिवते काहीतरी."

"तू? जाळीवाली?"

हे नाव त्यांनीच ठेवलंय. मी त्याच संस्थेच्या शिवणघरात टुटू शिवते, म्हणजे नाचणाऱ्या मुलींचे ते जाळीचे झगे. तिथे मला चिकटवलं तेही वन्संनीच. लग्न होऊन आले तेव्हा मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि जीभ मात्र कात्रीसारखी चालायची. सासूबाई नाक मुरडून बसल्या होत्या. वन्संनी मला हाताला धरून नेलं, शिवणघरातल्या मास्तरांपुढे उभं केलं आणि सांगितलं, "हिची बोटं बघा. तोंडाकडे लक्ष देऊ नका." पुढे लेक झाली. प्रयोग जवळ आला की मी शिवणघरात अडकून पडायचे. तेव्हा पोरीला जेवू घालणं, वेण्या घालणं, तिचा अभ्यास घेणं, सगळं वन्संनी केलं. कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. आणि आम्ही दोघी तरी काय, रोज कशावरून ना कशावरून भांडतच आलोय.

मी मास्तरांकडे गेले. हे आमच्या शिवणघराचे प्रमुख. कात्री हातात असली की बोलत नाहीत आणि खाली ठेवली की थांबत नाहीत. मी पिशवीचं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"हे बघ," ते म्हणाले, "आधी नाचणाऱ्या बायका जड, लांबलचक झगे घालायच्या. पाय काय करतात ते कुणाला दिसायचंच नाही. मग दोनेकशे वर्षांपूर्वी पांढरा तलम झगा आला, घंटेसारखा, आणि घोटे दिसले. लोकांच्या भुवया वर गेल्या. मग झगाही वर वर चढत गेला आणि शेवटी कमरेभोवती थाळीसारखा आडवा झाला. मध्यंतरी गॅसच्या दिव्यांवर पेटून किती पोरी भाजल्या, पण हौस सुटली नाही. आणि बाहेरच्या बायका? आधी म्हणाल्या, शी, काय हा निर्लज्जपणा! मग त्यांनीच घेरदार झगे शिवून आत जाळीचे परकर घातले. आता तर पोरी जीन्सच्या जाकिटाखाली जाळीचा स्कर्ट घालून खुशाल बाजारात जातात."

"मास्तर, मला सोमवारपर्यंत शिवायचंय."

"तेच सांगतोय. जाळीचं काम एकच. वरचं कापड अंगापासून लांब धरायचं. मग आत पाय असो, नाहीतर पिशवी."

मला हवं ते मिळालं. गडद निळं कापड घेतलं. कमरेला काही नको म्हणून सगळा भार खांद्यांवर टाकला. आत जाळीचे थर दिले आणि ते हलू नयेत म्हणून एकमेकांना टाके घातले, अगदी आमच्या रीतीप्रमाणे. रविवारी सकाळी वन्संनी झगा घातला. आरशासमोर उभ्या राहिल्या, डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. फुगवट्याचा मागमूस नव्हता. नुसता डौलदार घेर. त्यांचे डोळे भरून आले. मी स्वतःवर अशी खूश, की विचारू नका.

मग त्या पियानोसमोर स्टुलावर बसल्या, मागचा घेर स्टुलावर दाबला गेला आणि झग्याची पुढची बाजू ताडकन उठून त्यांच्या हनुवटीला टेकली. खाली पिशवी, मांड्या, सगळं उघडं.

"वाजवू कशी?" जाळीआडून आवाज आला. "चाचपडत?"

आणि त्या उठून खोलीत गेल्या. दार लागलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. टुटूत कुणी बसत नाही! बसलं की जाळी चुरगळते. मुली विंगेत उभ्याने वाट बघतात आणि एखादी टेकली की मीच खेकसते. इतकी वर्षं उभ्या बायकांसाठी शिवलं, आणि पियानो वाजवणारीसाठी शिवतानाही बसणं म्हणून काही असतं हे माझ्या टाळक्यात आलं नाही. म्हणे कसबी हात!

"बाहेर या," मी दारावर थाप मारली. "चूक माझ्या टाक्यांची आहे, तुमच्या पोटाची नाही."

"अंगापेक्षा बोंगा मोठा झालाय. दे फेकून. मी उद्या कळवून टाकते त्यांना."

त्या येणार नाहीत हे कळल्यावर मी शेकायची रबरी पिशवी घेतली, त्यात थोडं पाणी भरलं आणि ती पोटाला बांधली. वर तो झगा चढवला आणि स्टुलावर जाऊन बसले. झगा माझ्याही तोंडावर आला.

बऱ्याच वेळाने वन्सं पाणी प्यायला बाहेर आल्या. "हे काय सोंग?"

"तुम्हाला काय होतं ते बघतेय."

त्या बघत राहिल्या. एरवी त्या दार लावून पिशवी बदलायच्या, आम्हाला तो शब्दही काढू द्यायच्या नाहीत. आता जवळ आल्या, झगा बाजूला केला आणि माझ्या पोटावरची पिशवी हाताने सरकवली. "तिथे नसते गं. इथे. आता पुढे वाक. पेडलवर पाय ठेव. टोचतं?"

"टोचतं."

"मग काढ ती तिथली जाळी. बघतेस काय?"

आम्ही दुपारभर उसवत बसलो. मागची जाळी सगळी काढली, पुढचे टाके सोडले, कडक थर जाऊन मऊ आले. प्रत्येक वेळी आधी मी बसायचं, मग त्यांनी बसायचं. "शिवणं येतं तुला, बसणं येत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही जन्मभर बसूनच तर खाल्लंत. मग आम्ही नेहमीसारख्या भांडलो आणि मला हायसं वाटलं. दिवे लागायच्या सुमारास त्यांनी कपड्यांची चळत उचलून पलंगावर फेकली, झाकण उघडलं आणि वाजवायला बसल्या. झगा मांडीवर निमूट पसरला.

सोमवारी बसच्या थांब्यावर एक अनोळखी बाई त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. वन्सं आक्रसल्या.

"एक विचारू?" बाई म्हणाली. "हा झगा कुठून घेतलात?"

वन्सं ताठ उभ्या राहिल्या. "दुकानात नाही मिळत," त्यांनी ऐटीत सांगितलं.

शिवणघरात माझं लक्ष लागेना. गळ्यात टेप अडकवून मी सरावाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत पियानो वाजत होता, मुली उड्या मारत होत्या, वन्संच्या पोटाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. तास संपला. तिथली पद्धत अशी, की शेवटी सगळ्या मुली आधी शिक्षिकेपुढे आणि मग पियानोकडे वळून वाकतात. वन्सं नेहमी बसल्याजागी मान हलवून मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी त्या उठल्या. दोन्ही हातांनी झगा धरला, दाराकडे वळल्या आणि माझ्यापुढे खोल वाकल्या.

शिवणाऱ्यांपुढे तिथे कुणी वाकत नाही हो. मी ओरडलेच, "वन्सं, सरळ व्हा, पोटावर ताण येईल!"

मुली फिदीफिदी हसल्या.

"गप बस गं," त्या वाकूनच म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मला काम दिलं त्यांनी, माझी पोर वाढवली त्यांनी, आणि वाकायच्या त्या? मी धावत गेले, त्यांना धरून सरळ केलं आणि भांडणांच्या नादात इतकी वर्षं राहून गेलेलं सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "वन्सं, माझं जे काही आहे ना, ते तुमच्यामुळे आहे."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "आता सोड. पुढचा तास आहे."

आणि त्या पियानोसमोर बसल्या.