पुडीबाबाची गुटगुटीत मांजर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुडीबाबाने भुरी मांजर दोन्ही हातांनी वर धरली.

"तीन महिन्यांपूर्वी ही लंगडत होती. नुसता हाडांचा सापळा! माझी औषधी पुडी दिली आणि आज बघा, भोपळा झालाय! जनावराला ढोंग येतं का?"

टाळ्या पडल्या. बाबाने आवाज खाली आणला. "आणि पुडी सोडणाऱ्यांचं काय होतं? समोर बसलेल्या या शिवणवालीला विचारा. हिच्या थोरल्या बहिणीने संशय घेतला. चौथ्या दिवशी गेली!"

शिवणवालीने मान खाली घातली. गुडघेदुखीसाठी थोरलीने वर्षभर पुडी घेतली होती. एकदा तिने, "यात काय घालता हो?" एवढंच विचारलं आणि बाबाने तिची पुडीच तोडली. मागे राहिली तिची ही मांजर. ती लंगडू लागली, तेव्हा भीतीपोटी शिवणवालीने तिलाही पुडी सुरू केली.

पण हे बाळसं काही खरं नव्हतं. भुरीचं पोट लोंबत होतं, पाठीचे केस झडत होते. ती वाट्याच्या वाट्या पाणी प्यायची आणि शिलाई मशीनवर उडी मारताना धापा टाकायची. शेवटी शिवणवाली तिला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

"औषध काय चालू आहे?" पोट दाबून बघत डॉक्टरने विचारलं.

"औषध नाही. बाबांची पुडी."

डॉक्टरने पुडी तपासणीला पाठवली. आठवड्याने अहवाल आला.

"स्टेरॉइड आहे हे. गोळ्या कुटून घातल्यात. दुखणं दबतं, भूक खवळते, पोट सुटतं. पण लगेच बंद करू नका. शरीराने स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं थांबवलेलं असतं. एकदम तोडलं तर जीवही जातो."

"माणसाचाही?"

"माणसाचाही."

थोरलीच्या उलट्या, ती भोवळ, चौथ्या दिवशी थंडगार पडलेले हात. घरी येऊन शिवणवाली मोठी कात्री हातात धरून बसली. मग तिने ती खाली ठेवली. एका घावात सुटायला नको होता तो. ज्या लोकांसमोर त्याने थोरलीचं मरण मिरवलं, त्यांच्याचसमोर त्याला उघडा पाडायचा होता.

पुढच्या सभेला ती मांजर घेऊनच मंचावर चढली. बाबा खूश झाला. तिने सगळ्यांदेखत तीस पुड्या ग्लासभर पाण्यात कालवल्या.

"प्या, बाबा. थोरलीचा महिन्याचा वाटा आहे."

"मला काय गरज? मी निरोगी आहे!"

"मघाशी गुडघा धरूनच पायऱ्या चढलात की!"

सभा हसली. बाबाच्या कपाळावर घाम आला. ग्लास त्याच्या ओठांपाशी नेत ती कडाडली, "प्या! नाहीतर यात काय आहे ते सांगा!"

बाबाने ग्लास उडवला आणि मागच्या दाराकडे धाव घेतली. दारात डॉक्टरने बोलावलेले औषध निरीक्षक दोन पोलिसांसह उभेच होते.

सभेत बसलेल्या डॉक्टरने मंचावर येऊन अहवाल वाचून दाखवला. लोक खवळले, पुड्या पायाखाली तुडवू लागले.

"फेकू नका!" शिवणवाली ओरडली. "एकदम सोडलंत तर माझ्या ताईसारखे जाल! आजच दवाखान्यात जा, पुडी दाखवा. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू सुटेल."

बाबाला गाडीत घालताना ती बघत राहिली. दया आली नाही. तिने ती येऊही दिली नाही.

एका आजीने तिचा हात धरला. "अगं, पण माझं गुडघ्यांचं दुखणं खरंच थांबलं होतं गं."

"थांबलं नव्हतं आजी, दाबलं होतं. तुमचं दुखणं खरं आहे ना? मग इलाजही खराच घ्या."