दुसरा फटका

बत्तिशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे आणि त्यावरून ते कवळ्या घडवून द्यायचे. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. माणूस मोजकं बोलणारा. एखादी गोष्ट फारच आवडली तर म्हणत, "लागत नाही कुठे." कवळीची याहून मोठी स्तुती नसते. आणि नावं ठेवायची झाली तर, "ढिली कवळी." मग ते पुढाऱ्याचं भाषण असो की शेजाऱ्याने नवं बसवलेलं दार.

त्यांना नाद एकच होता. सलूनवाले नाना, निवृत्त झालेले मास्तर आणि ते स्वतः, असे तिघे सलूनच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून आत बसत आणि एका जुन्या सिनेमावर बोलत. या मंडळात पूर्वी बरेच लोक होते. काही वारले, काही सुधारले.

सिनेमा काळा-पांढरा. नदीच्या मुखातून डोंगराएवढं जनावर वर येतं, शहर तुडवतं, पूल पाडतं आणि कोणाशी एक शब्द न बोलता आलं तसं पाण्यात निघून जातं. मंडळ त्याला 'थोरला' म्हणे. आत रबराचा पोशाख घातलेला माणूस घामाघूम होऊन चालतो आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं. भक्तीत त्याने काही फरक पडला नव्हता.

थोरल्याची एकच कॅसेट नानांकडे होती. तरुणपणी त्यांनी दुसरं मशीन उसनं आणून, भाड्याच्या कॅसेटवरून ती स्वतः उतरवून घेतली होती. पुढे बाजारात चकचकीत प्रती आल्या. पण मास्तरांनी सांगितलं की त्या धुतलेल्या आहेत, आणि धुतलेला थोरला बघायला आपण काही परीट नाही. विषय संपला. मंडळाने दुसरी प्रत कधी पाहिली नाही.

थोरल्याचा प्राण म्हणजे दुसरा फटका. पुलापाशी तो शेपूट आपटतो आणि पूल कोसळतो. आणि लगेच, हुबेहूब तस्सं, तो पुन्हा शेपूट आपटतो. दुसऱ्या वेळी पूल अखंड असतो, मग पुन्हा कोसळतो. हे कसं, असं एखादा नवखा विचारी. त्यावर मास्तरांचा सिद्धांत तयार होता: पहिला फटका पुलावर पडतो, दुसरा थोरल्याच्या मनात पडतो. राग येतो एकदा, पण माणूस तो भोगतो दोनदा. शाळेतल्या निरोपसमारंभात मास्तर यावरच बोलले होते. हेडमास्तरीणबाईंनी डोळे पुसले होते.

तर अशा मंडळाच्या कानावर आलं की थोरला नव्याने काढताहेत. कॉम्प्युटरवर. रंगीत. मंडळाने त्याचं नाव न बघताच 'धाकटा' ठेवलं. दोन मिनिटांची झलक आली, ती नानांच्या मोबाईलवर तिघांनी डोक्याला डोकं लावून पाहिली. शेपूट जेमतेम क्षणभर दिसलं. बत्तिशी म्हणाले, "ढिली कवळी. अंगाला धरतच नाही. ज्याने केलंय त्याने थोरला जन्मात पाहिलेला नाही."

नानांनी ते जसंच्या तसं मंडळाच्या नावाने नेटवर टाकलं. जगभरच्या अनोळखी चाहत्यांनी ते उचलून धरलं. कवळीचा संबंध काय हे त्यातल्या बऱ्याच जणांना कळलं नसावं, पण नव्या सिनेमाला शिव्या द्यायला कारण लागतंच असं नाही.

धाकटा थिएटरला लागायच्या आदल्या दिवशी बत्तिशींची लेक सुट्टीवर घरी आली. ती दूर मोठ्या शहरात कॉम्प्युटरवर काहीतरी चित्रं हलवते, एवढंच त्यांना माहीत होतं. दुपारी ती त्यांच्या कामाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. ते एका खालच्या कवळीला पॉलिश करत होते.

"बाबा, ती ढिली कवळी तुमचीच ना?"

"ही? ही डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांची."

"नेटवरची म्हणतेय मी."

"बोललो मी. लिहिलं नानांनी."

"आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचली कुणीतरी. सगळे हसले. मीपण हसले, काय करणार."

"तुमच्या ऑफिसचा काय संबंध?"

"शेपूट मी केलंय."

बत्तिशींनी मशीन बंद केलं. हातातली कवळी त्यांनी फडक्यावर ठेवली, मग उचलली आणि उगाच उलटी करून ठेवली.

"सगळं?"

"कमरेपासून टोकापर्यंत. धड दुसऱ्याचं आहे. पिक्चर लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, अशी सही घेतात."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"हो."

"मग सहीचं काय झालं?"

"आईने विचारलं होतं, काय करतेस गं तिथे दिवसभर. तुम्ही नाही विचारलंत."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. म्हणजे तिकडे कान लागले होते.

"आणि थोरला बघितला नाही म्हणे," लेक म्हणाली. "नानांच्या सलूनमध्ये तुमच्या मांडीवर बसून किती वेळा बघितलाय मी. त्यापायीच तर फजिती झाली. मी शेपूट दोनदा आपटलं होतं. पूल पाडला, परत उभा केला, परत पाडला. साहेबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, मुळात असंच आहे. त्यांनी मूळ प्रत मागवली आणि मोठ्या पडद्यावर लावली, सगळ्यांसमोर."

"मग?"

"एकच फटका आहे, बाबा."

"कापली असेल प्रत."

"कापलेली नाही. नानांनी उतरवून घेताना कॅसेट मध्येच थांबवली असणार. थोडी मागे घेऊन परत सुरू केली, म्हणून तेवढाच तुकडा दोनदा आला."

"धुतलेली असेल."

"बाबा."

बत्तिशींनी फडक्यावरची कवळी पुन्हा सुलटी केली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांनाही कळत होतं. पण उभ्या आयुष्याचा फटका असा दुपारच्या वेळी स्टुलावरून कुणी काढून नेला, तर माणसाने लगेच हो तरी कसं म्हणायचं?

"ऑफिसात नाव पडलं माझं, 'दोनदा' म्हणून," लेक म्हणाली. "चहा घेऊन येणारासुद्धा विचारतो, दोनदा आणू का. ते जाऊ दे. उद्या तुम्ही पिक्चर बघाल. मंडळाचं मत मी नेटवर वाचेनच. मला तुमचं हवंय. चांगलं म्हणा असं नाही म्हणत मी. फक्त तुमचं सांगा."

ही मागणी दिसते तेवढी सोपी नव्हती. मंडळाचं मत नेहमी एकमुखी असे, आणि ते मुख मास्तरांचं असे. मागे एका सभासदाने कुठल्याशा नव्या जनावराच्या सिनेमाला 'तसा बरा आहे' म्हटलं होतं. त्यांच्या खुर्चीवर आता नाना टॉवेल वाळत घालतात.

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ. मास्तर, नाना, बत्तिशी, त्यांची बायको आणि लेक असे एका रांगेत बसले. लेक टोकाला, बापापासून लांब. मास्तरांनी हाताची घडी घातली होती, ती पुढचे दोन तास सुटली नाही.

धाकटा पाण्यातून वर आला. बत्तिशींनी आधी दात पाहिले, सवयच ती. मग फक्त शेपूट. लोक इमारती पडताना बघत होते, हे शेपूट बघत होते. वळताना ते अंगामागून किंचित उशिरा येत होतं, ओल्या गोणीसारखं जड.

पूल आला. शेपूट वर गेलं, आपटलं, पूल कोसळला. दुसरा फटका यायचा होता. येणार नाही हे माहीत असूनही बत्तिशींचं शरीर थांबून राहिलं, जिना संपल्यावरही पाय आणखी एक पायरी शोधतो तसं.

आणि मग पाण्यावर पडलेल्या शेपटाचं टोक हललं. जरासं उचललं गेलं. पुन्हा आपटणार, असं वाटेपर्यंत वर आलं, तिथे थांबलं, आणि हळूच खाली टेकलं. रागावलेल्या माणसाने दुसऱ्यांदा हात उगारावा आणि मग राहू दे म्हणावं, तसं. सगळं मिळून डोळा मिटून उघडावा एवढंच. थिएटरात ते आणखी कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

बत्तिशींनी मान वळवून रांगेच्या टोकाकडे पाहिलं. लेक पडद्याकडे बघत नव्हती, त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी पटकन पुढे पाहिलं.

सिनेमा संपला. नव्या सिनेमाची नावं सुरू झाली की मंडळ पाठ फिरवून उठे. ही निषेधाची जुनी रीत. मास्तर उठले, नाना उठले.

"चला, बत्तिशी."

"बसतो जरा."

"पाय धरलाय का?"

"नाही. बसतो."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टोकाच्या खुर्चीकडे, आणि बाहेर गेले. नावं मुंग्यांच्या रांगेसारखी वर सरकत होती. गाड्या चालवणारे, जेवण पुरवणारे, केसाळ जनावरांचे सल्लागार. धाकट्याच्या अंगावर तर एक केस नव्हता. लेकीचं नाव कधी येऊन गेलं ते बत्तिशींना कळलंच नाही, चष्मा पुसत होते. बायको म्हणाली, "आलं. गेलं." तिने तेवढ्यात वाचलं होतं.

सलूनमध्ये बैठक बसली. लेकही आली, मास्तरांची हरकत घ्यायची इच्छा होती, पण हिला लहानपणी पाढे त्यांनीच शिकवले होते. नानांनी मोबाईल तयार धरला.

मास्तर म्हणाले, "लिहा. दुसरा फटका गाळून या लोकांनी थोरल्याचं मनच कापून टाकलं आहे. फटक्यानंतर शेपूट घाबरून गप्प बसतं. असलं भित्रं जनावर आम्हाला मान्य नाही. मंडळाचं मत एकमुखी."

"एकमुखी नाही," बत्तिशी म्हणाले.

नानांचं बोट मोबाईलवर तसंच राहिलं.

"शेपूट चांगलं आहे. वजन आहे त्याला. आणि ते घाबरलेलं नाही, मास्तर. दुसऱ्यांदा उगारलंय आणि आवरलंय. मी पाहिलं. लागत नाही कुठे."

"आपलेच दात, आपलेच ओठ," मास्तर शांतपणे म्हणाले. "लेकीचं काम. मीही बाप आहे, समजू शकतो. पण मग थोरल्याचं काय?"

"थोरल्याचा फटका एकच आहे," बत्तिशी म्हणाले. त्यांच्या तोंडून हे आलं आणि लेकीने मान खाली घातली. "दुसरा कॅसेटचा आहे. नाना, उतरवून घेताना तुम्ही मध्ये थांबवली होती का?"

नानांनी आरशात स्वतःकडे पाहिलं. "थांबवली असेल. धंद्याची वेळ होती. गिऱ्हाईक आलं की थांबवायचो, मग चुकू नये म्हणून थोडी मागे घ्यायचो."

"कोण गिऱ्हाईक?" मास्तरांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

"कोण बरं. पूल पडत असतानाच आले. घाईत होते. मी कॅसेट परत लावली तसे अर्ध्या दाढीतच उठले आणि टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले, म्हणाले हे कुठलं जनावर." नाना थांबले. "तुम्हीच होतात की, मास्तर. पहिल्यांदा आलात ते तेव्हाच."

टॉवेलवाल्या खुर्चीकडे बत्तिशींचं लक्ष गेलं. टॉवेल वाळायला आता आणखी एक खुर्ची मिळणार होती, फक्त कुणाची ते ठरत नव्हतं.

मास्तरांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढून लावला.

"म्हणजे दुसरा फटका माझ्यामुळे आहे," ते म्हणाले.

"तसंच झालं."

"हं." त्यांनी ते मनात एकदा घोळवून पाहिलं. चेहऱ्यावर दुःख शोधावं तर ते कुठे दिसत नव्हतं. "लिहा, नाना. धाकट्याबद्दल मंडळाचं मत नाही."

"एवढंच?"

"शेपूट सोडून, असं लिहा. शेपटाबद्दल मतभेद आहेत." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "कॅसेट लावा. हिला घाई नसेल तर."

तिला घाई नव्हती. थोरला आला. पूल पडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तरी दुसऱ्या फटक्याला चौघांच्या माना एकदमच हलल्या.

बाप-लेक घरी निघाले. कोपऱ्यावर बत्तिशी थांबले.

"टोक उचलायचं तुला साहेबांनी सांगितलं का?"

"नाही. फटका काढायला लावला, म्हणून तेवढं ठेवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही."

ते चार पावलं चालले.

"दात मात्र फार सरळ आहेत गं त्याचे. इतके सरळ दात कवळीतच असतात."

"दात माझे नव्हते, बाबा."

"म्हणून तर सांगतोय," बत्तिशी म्हणाले. "त्याला सांग. आणि हे बघ, शेपूट करायला सुरुवात कुठून करतात? टोकाकडून की कमरेकडून?"